सासूबाई म्हणतात, मला शॉक नको

(वाचकांच्या प्रश्नांच्या सदरात या वेळी हृदयाच्या ठोक्यांविषयीची पत्रं घेतली आहेत. उत्तरं देणाऱ्या ताई २८ वर्षं पेसमेकर क्लिनिकमध्ये तंत्रज्ञ होत्या, आता निवृत्त आहेत.)

प्रश्न : ताई, माझ्या सासूबाई ७२ वर्षांच्या. गेल्या महिन्यात तुळशीला पाणी घालताना पडल्या, भुवईवर चार टाके पडले. ईसीजीत ‘कम्प्लीट हार्ट ब्लॉक’ निघाला. नाडी ३६. डॉक्टर म्हणतात पेसमेकर बसवावाच लागेल. पण त्या हटून बसल्यात. म्हणतात, “मला छातीत शॉक नको. आणि मशीन लावलं की शेवटी जीव सुटायचा नाही, अडकून राहील.” कसं समजावू? शेजारचे म्हणतात ब्लॉकेज आहे तर स्टेंट टाका, तो स्वस्त पडेल.
(एक सून, फलटण तालुका)

उत्तर : सूनबाई, शेजाऱ्यांचं आधी निस्तरू. ब्लॉक आणि ब्लॉकेज ही दोन वेगळी दुखणी आहेत. ब्लॉकेज म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिनीत, नळात साचावा तसा गाळ साचणं, त्याला स्टेंट, म्हणजे वाहिनी उघडी ठेवणारी बारीक जाळी. ब्लॉक म्हणजे हृदयात ठोक्याचा निरोप नेणारं वायरिंग तुटणं. तुटलेल्या वायरिंगला प्लंबर बोलावून काय उपयोग? माझ्या नोकरीत आठवड्याला एक तरी घर या शब्दाच्या घोळात सापडलेलं यायचं.

आता शॉक. सासूबाईंना नावं ठेवू नका, हा शब्द त्यांनी दवाखान्यातच ऐकला असणार. सिनेमात छातीवर दोन इस्त्र्या टेकवतात आणि माणूस पलंगावरून उडतो, ते यंत्र निराळं. आयसीडी म्हणून शरीरात बसवायचं एक यंत्र असतं, तेही वेळ आली तर खरोखर झटका देतं. तुमच्याकडे त्यातलं काहीच सांगितलेलं नाही.

टीव्हीच्या रिमोटचं झाकण उघडून त्यांना दाखवा. आतले दोन सेल मिळून तीन व्होल्ट होतात. पेसमेकर साधारण अडीच व्होल्ट देतो, तेही सेकंदाच्या अडीच हजाराव्या भागापुरते. एका रात्रपाळीत मी कागदावर हिशोब मांडला होता. सिनेमातला तो झटका दोनशे ज्यूलचा धरला, तर पेसमेकरच्या एका ठोक्याला त्याचा चार कोटीवा हिस्सा लागतो. मग एवढ्याशानं मुठीएवढं हृदय हलतं कसं? लवंगी फटाक्यांची माळ आठवा. ती पेटवायला मशाल लागत नाही, उदबत्तीचं टोक पुरतं. हृदयाच्या स्नायूची प्रत्येक पेशी अशीच दारू भरून बसलेली असते, तिच्या आत आणि बाहेर सुमारे ९० मिलिव्होल्टचा फरक असतो. वायरच्या टोकाशी असलेल्या चिमूटभर पेशी तेवढ्या पेटवायच्या. त्या शेजारणींना पेटवतात, त्या पुढच्यांना, आणि सगळा कप्पा आवळला जातो. फटाक्याची माळ एकदा वाजली की संपते, ही अर्ध्या सेकंदाच्या आत पुन्हा भरून तयार. दिवसाला लाखभर वेळा.

निरोगी माणसात ही उदबत्ती सायनस नोड लावतो. हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यातला तो पेशींचा एक छोटा पुंजका. १९०७ साली कीथ आणि फ्लॅक या दोघांनी तो जगाला दाखवला. तिथल्या पेशींना कोणी काही सांगावं लागत नाही. त्यांच्या भिंतीतून सोडियमचे कण आत झिरपत राहतात, मडकं भरलं की ठोका, पुन्हा रिकामं, पुन्हा झिरपणं. बसल्या जागी मिनिटाला ६० ते १००. तुमच्या सासूबाईंचा हा पुंजका बहुतेक ठणठणीत आहे. दुमजली वाडा डोळ्यापुढे आणा. वरच्या मजल्यावरून हाक दिली जाते, पण जिनाच कोसळलाय. खालची माणसं वाट बघून बघून आपापल्या मनानं, रेंगाळत काम करतात. तीच ती ३६ ची नाडी. आणि तीसुद्धा मधेच चार-सहा सेकंद थांबली की मेंदूला रक्त नाही. माणूस तुळशीपाशी काय, जिथं असेल तिथं कोसळतो.

पेसमेकर हा त्या वाड्याला लावलेला नवा जिना. हसळीच्या हाडाखाली जागा बधिर करून कातडीखाली एक कप्पा करतात. शिरेतून दोन वायरी हृदयात सोडतात, एकीचं टोक वरच्या कप्प्यात आणि दुसरीचं खालच्या. यंत्राचं वजन २५-३० ग्रॅम. ते आधी ऐकतं. वरून हाक आली, की ती जिन्यावरून उतरायला जेवढा वेळ लागला असता तेवढं, म्हणजे सेकंदाचा सहावा-सातवा भाग, थांबतं. मग खाली निरोप देतं. त्यामुळे चढ चढताना वरचा कप्पा शंभरानं धावायला लागला, तर खालचाही शंभरानं धावतो.

नंतरच्या तपासणीत काय होतं तेही सांगून ठेवा. साबणाच्या वडीएवढं एक वँड छातीवर ठेवायचं, प्रोग्रामरच्या, म्हणजे पेसमेकरशी बोलणाऱ्या संगणकाच्या, पडद्यावर ईसीजीची पट्टी सरकायला लागते. मी व्होल्ट उतरवत जायचे. अडीच, दोन, दीड, एक, पाऊण. प्रत्येक उभ्या बारीक रेघेमागे, म्हणजे यंत्राच्या निरोपामागे, एक रुंद ठोका उमटतोय. अर्ध्यावर आलं की रेघ येते आणि मागं ठोका नाही. सपाट. मी तत्क्षणी बटणावरचं बोट उचलायचे, अडीच व्होल्ट परत. तेवढ्यात खुर्चीतला माणूस म्हणायचा, “ताई, आत्ता जरा पोकळ वाटलं.” शेकडो वेळा ऐकलंय हे. वीज पोचत होती तोवर कुणाला काही जाणवलं नाही. ती पोचली नाही, तेव्हा जाणवलं. सासूबाईंना एवढं सांगितलंत तरी पुरे.

आणि जीव अडकण्याची भीती. ही भीती बोलून दाखवली हेच बरं केलं, पुष्कळजणी मनात ठेवतात आणि सही करत नाहीत. यंत्र निरोप देतं, ठोका स्नायू देतो. श्वास थांबला, स्नायूला प्राणवायू मिळेनासा झाला, की निरोप कितीही येवोत, स्नायू हलत नाही. लवंगी भिजल्यावर उदबत्ती लावून बघा. माणूस त्याच्या वेळेला जातो, यंत्र आड येत नाही.

त्यांना एक गोष्टही सांगा, गोष्टी ऐकायला आवडत असतील तर. सुरुवातीचे पेसमेकर भिंतीतल्या प्लगवर चालायचे. ३१ ऑक्टोबर १९५७ ला अमेरिकेत मिनिआपोलिसला वीज गेली. लोडशेडिंग काय असतं हे आपल्याला सांगायला नको, पण तिथं वॉर्डात शस्त्रक्रिया झालेली लहान मुलं त्या प्लगवर होती. सर्जन लिलेहाय यांनी अर्ल बक्केन या माणसाला सांगितलं, बॅटरीवर चालणारं काही कर. बक्केन गॅरेजमध्ये वर्कशॉप थाटून रुग्णालयांची यंत्रं दुरुस्त करायचा. त्यानं संगीत शिकणाऱ्यांना ठेका देणाऱ्या मेट्रोनोमचं सर्किट घेतलं आणि चार आठवड्यांत गळ्यात अडकवता येईल असा डबा करून दिला. वायर मात्र छातीतून बाहेर आलेली.

पूर्ण शरीरात बसवलेला पहिला पेसमेकर ८ ऑक्टोबर १९५८ चा, स्टॉकहोमजवळच्या कारोलिन्स्का रुग्णालयातला. रुग्ण आर्ने लार्सन, वय ४३, दिवसातून वीस-तीस वेळा बेशुद्ध पडायचा. त्याच्या बायकोनं, एल्स-मारीनं, सर्जन सेनिंग आणि इंजिनिअर एल्मक्विस्ट यांचा पिच्छाच पुरवला. ते म्हणाले, यंत्र तयार नाही. ती म्हणाली, मग करा. एल्मक्विस्टनं सर्किट इपॉक्सीत ओतलं, साचा म्हणून बूटपॉलिशची डबी. पहिलं यंत्र काही तासांत बंद पडलं, मग हाताशी असलेलं दुसरं बसवलं. लार्सनला पुढं आयुष्यभरात २६ यंत्रं लागली, पण तो २००१ पर्यंत जगला. सेनिंग गेले, एल्मक्विस्ट गेले, त्यांच्यानंतर हा गेला, ८६ व्या वर्षी आणि दुसऱ्याच आजारानं. मला यात सर्जनपेक्षा ती बायको मोठी वाटते. या घरात ते काम तुमच्याकडे आलंय.

व्यवहाराचं थोडक्यात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत पेसमेकर बसवण्याचा समावेश आहे. रेशनकार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटा. बसवल्यावर महिना-दीड महिना डावा हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, म्हणजे वेणी तुम्ही घाला, माळ्यावरचा डबा तुम्ही काढा. पण हात पोटाशी बांधूनही ठेवू देऊ नका, खांदा आखडतो. जखमेवर हळद नाही, तेल नाही, अंगारासुद्धा नाही. अंगारा कपाळाला लावा. जखमेतून पू आला तर यंत्र, वायरी सगळं काढावं लागतं.

शेवटी माझ्या घरचं सांगते. माझ्या आईला वर्षभर चक्कर यायची. सगळे म्हणायचे पित्त. ती सूतशेखर घ्यायची, आल्याचा रस घ्यायची. एकदा ईसीजी काढला तो नॉर्मल आला, कारण काढला तेव्हा ठोके नीट पडत होते. मग ती धुण्याच्या दगडावर पडली आणि मनगट मोडलं. तेव्हा कुठं मी २४ तासांचं होल्टर, म्हणजे दिवसरात्र ईसीजी नोंदवणारं छोटं यंत्र, लावलं. पहाटे पावणेचारला साडेपाच सेकंदांचा खंड. पट्टी मीच वाचली. दिवसाला वीस माणसांच्या पट्ट्या वाचणारी मी, वर्षभर तिच्या शेजारी झोपत होते आणि एकदाही तिचा हात हातात घेऊन नाडी मोजली नव्हती. घरात कुणाला चक्कर येत असेल तर अंगठ्याच्या मुळाशी तीन बोटं टेकवा आणि घड्याळ लावून पूर्ण ६० सेकंद मोजा. पंधरा मोजून चौपट करायचं नाही, खंड नेमका उरलेल्या पंचेचाळीसात असतो.

प्रश्न : तीन वर्षांपूर्वी पेसमेकर बसवला. वय ५८, शेती. रानडुकरांसाठी कुंपणाला झटका मशीन लावलंय. मुलगा म्हणतो, बाबा तुम्ही शेतात यायचंच नाही. मोबाइल, मोटारीचा स्टार्टर, इंडक्शन, सगळ्यालाच तो नाही म्हणतो. घरात कोंडून घेऊ का?
(एक शेतकरी, संगमेश्वर तालुका)

उत्तर : मुलाचा जीव तुमच्यावर आहे, पण त्यानं यादी फारच लांबवली. शेतात जा.

झटका मशीनबद्दल मात्र तो बरोबर आहे, आणि का ते समजून घ्या. पेसमेकर सतत कान लावून असतो. झटका मशीन साधारण सेकंदाला एक झटका सोडतं. तुमचा हात तारेला लागला तर तो ताल पेसमेकरला हृदयाचाच ठोका वाटू शकतो. मग तो म्हणणार, चाललंय की यांचं, आणि गप्प बसणार. ज्याची नाडी पूर्णपणे यंत्रावर आहे, तो तेवढ्यात खाली बसेल. तेव्हा तारेला हात लावायचा नाही, टेकायचं नाही. तार ओढायची, गवत काढायचं, तर मशीन बंद करून, आणि शक्यतो ते काम मुलानंच करायचं. बांधावरून चालत जायला काही हरकत नाही.

वेल्डिंग दुसऱ्याला करू द्या. मोटारीचा स्टार्टर चालतो, फक्त अर्थिंग तपासून घ्या. चालू इंजिनवर छाती टेकवून वाकू नका. इंडक्शन शेगडीपासून दोन फूट लांब. मिक्सर, फ्रीज, टीव्हीला घाबरायचं कारण नाही. मोबाइल डाव्या खिशात नको, उजव्या कानाला लावा. आपल्या शर्टाचा खिसा शिंप्यानं नेमका पेसमेकरवरच शिवलेला असतो, त्याला इलाज नाही. बायकांना मी वेगळं सांगायचे, कारण त्या मोबाइल ब्लाउजमध्ये ठेवतात आणि डॉक्टरांना हे सुचतच नाही.

आणि ती मॅग्नेटिक गादी, मॅग्नेटिक पट्टा. प्रदर्शनात कुणी गळ्यात मारला असेल तर परत करा. चुंबक यंत्राजवळ आलं की ते ऐकणं सोडून ठरलेल्या चालीनं ठोकत सुटतं. चुंबक दूर केलं की पूर्ववत होतं, पण रात्रभर त्यावर झोपायचं कशाला?

तुमच्या यंत्रात बहुधा हालचाल ओळखणारा सेन्सर असेल. अंग हललं की माणूस चालतोय असं समजून तो गती वाढवतो. आमच्याकडे एक गृहस्थ तक्रार घेऊन आले होते, एस.टी.त बसलं की धडधडतं, उतरलं की थांबतं. घरच्यांना वाटलं तिकिटाचे पैसे वाचवायला बघतात. आम्ही यंत्रातली नोंद काढली. घाटातल्या खड्ड्यांनी बसल्या बसल्या त्यांची नाडी पंच्याण्णवपर्यंत चढवली होती. सेन्सर जरा मंद केला, थांबलं. रस्ता काही आम्हाला दुरुस्त करता आला नाही.

एक शेवटची ताकीद. कातडीखालचं यंत्र चाळवायचं नाही. एक आजोबा पारावर बसल्या बसल्या तपकिरीच्या डबीसारखं ते फिरवत राहायचे. सहा महिन्यांनी एक्स-रे काढला, तर वायर यंत्राभोवती गुंडाळून हृदयातून सुटून आलेली.

प्रश्न : स्मार्टवॉच रात्री नाडी ४६ दाखवतं. वय २६, रोज पळतो. मला पेसमेकर लागेल का?
(पुणे)

उत्तर : नाही. पळणाऱ्याचं हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलतं, म्हणून कमी ठोके पुरतात, आणि झोपेत नाडी आणखी उतरते. चक्कर, शुद्ध हरपणं, पळताना एकाएकी दम कोंडणं यातलं काही झालं तर ईसीजी काढा. एरवी रात्री घड्याळ काढून झोपा.

प्रश्न : तांदळाच्या दाण्याएवढा पेसमेकर निघालाय असं वाचलं. खरं आहे? मग आजीला तोच का नाही बसवत?
(अकरावी विज्ञान, दापोली)

उत्तर : खरं आहे. अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात जॉन रॉजर्स आणि इगोर एफिमोव्ह यांच्या गटानं २०२५ मध्ये तो जाहीर केला. लांबी साडेतीन मिलिमीटर, जाडी एक. त्याला वायर नाही, वेगळी बॅटरीही नाही. दोन धातू आणि मधे शरीरातला खारट द्रव, म्हणजे तुमच्या प्रयोगशाळेतला साधा विद्युतघटच. छातीवर चिकटवलेली पट्टी ठोका चुकला की प्रकाश चमकवते, तो कातडीतून आत पोचतो आणि दाण्याला चालू करतो. पण तो काम झालं की शरीरात विरघळून जाण्यासाठी बनवलाय. मुख्यतः जन्मजात दोषाची शस्त्रक्रिया झालेल्या बाळांसाठी, ज्यांना थोडे दिवसच आधार लागतो. आजीला वर्षानुवर्षं टिकणारा हवा. बिनवायरचा, मोठ्या गोळीच्या कॅप्सूलएवढा, जांघेच्या शिरेतून थेट हृदयात नेऊन बसवतात तो आता मिळतो, पण तो कुणाला चालेल हे दुखण्यावर ठरतं आणि किंमत पुष्कळ आहे. मला स्वतःला दुसरं काम जास्त मोलाचं वाटतं. नेहमीचीच वायर हृदयाच्या मूळच्या विजेच्या वाटेवर नेऊन टेकवायची, म्हणजे ठोका कडेकडेनं न पसरता जुन्या वाटेनं जातो. प्रमोद देशमुख यांनी २००० साली अमेरिकेत हे रुग्णांमध्ये करून दाखवलं.

प्रश्न : वडील वारले. गावच्या स्मशानात चितेतून मोठा आवाज झाला, ठिणग्या उडाल्या. लोक नको ते बोलले, म्हणाले काहीतरी राहून गेलं यांचं. नंतर कुणी सांगितलं, पेसमेकर काढायला हवा होता. आमचं चुकलं का?
(नाव नको)

उत्तर : तुमचं चुकलं नाही. ज्यांनी सांगायचं त्यांनी सांगितलं नाही. बॅटरी लिथियमची आणि बंद डबीत, आगीत ती फुटते. त्याचा वडिलांच्या इच्छेशी काही संबंध नाही. आईला हे स्पष्ट सांगा, कारण असं बोलणं बायका वर्षानुवर्षं मनात धरून बसतात.

पुढं ओळखीत कुणावर वेळ आली, तर दहनाआधी डॉक्टरांना बोलवायचं. छोटा छेद, वायरी कापायच्या, यंत्र बाहेर, दोन टाके. दहा मिनिटांचं काम. आयसीडी असेल तर तो आधी प्रोग्रामरनं बंद करावा लागतो, नाहीतर काढणाऱ्याला झटका बसू शकतो. दफन असेल तर काढण्याची सक्ती नाही.

काढलेल्या यंत्रात बॅटरी शिल्लक असते. अमेरिकेत वारलेल्या माणसांची अशी यंत्रं निर्जंतुक करून मुंबईच्या एका रुग्णालयात ५३ गरीब रुग्णांना बसवली होती. त्यांना जंतुसंसर्ग झाला नाही, ही माहिती २०११ मध्ये प्रसिद्ध झाली.

माझी आई दुसऱ्या यंत्रानंतर तीन वर्षांनी न्यूमोनियानं गेली. यंत्र काढलं तेव्हा मी मागून घेतलं आणि तिच्या कुंकवाच्या डबीत ठेवलं. वर्षश्राद्धानंतर एकदा जुन्या क्लिनिकमध्ये गेले होते, सहज म्हणून वँड त्यावर ठेवला. गती ६०. वायर जोडलेली नाही, अशी सूचना. बॅटरी अजून सहा वर्षं. डबीचं झाकण लावलं आणि घरी आले.